चोराबरोबर संन्याशालाही फाशी!

जंतूचा चेहरा आपल्याच प्रथिनाशी जुळला की शरीरात काय रामायण घडतं? चिखलदऱ्याच्या दरीपासून पुण्याच्या सिंहगड रस्त्यापर्यंतच्या पंधरा चटपटीत गोष्टी.

१. कीचक अंधारात चुकला

चिखलदऱ्याला गेलात की ही गोष्ट कोणी ना कोणी ऐकवतंच. पांडव अज्ञातवासात, विराटाच्या दरबारी वेष पालटून राहिलेले. कीचकाची वाईट नजर सैरंध्रीवर, म्हणजे द्रौपदीवर. रात्री तो नृत्यशाळेत शिरला, अंधारात चाचपडत पलंगापाशी गेला आणि हात लागला तो थेट लुगडं नेसून पडलेल्या भीमाला! पुढे काय झालं ते भीमकुंडाला विचारा. दरीत कीचकाला फेकल्यावर भीमाने हात धुतले ते तिथेच, असं सांगतात.

आपल्या पांढऱ्या पेशीही अशाच अंधारात काम करतात. त्यांना डोळे नाहीत. हा आकार घरचा, हा परका, हे त्या चाचपूनच ठरवतात. काही जंतूंच्या अंगावर आपल्यासारखेच तुकडे असतात. पहारेकरी आधी फसतो, मग कधीतरी खरा प्रकार ओळखतो आणि जंतूला धरतो. इथवर ठीक. पण समजा, दुसऱ्या दिवशी विराटाच्या पहारेकऱ्यांना हुकूम सुटला: लुगडं नेसलेलं जे कोणी दिसेल त्याला ठोका! मग खऱ्या द्रौपदीचं काय? ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांपैकी काहींची कथा नेमकी हीच आहे.

२. बारसं झालं १९६४ मध्ये

शरीर स्वतःवर उलटेल ही कल्पनाच एकेकाळी शास्त्रज्ञांना सहन होत नव्हती. जर्मनीच्या पॉल एर्लिख यांनी १९०१ च्या सुमारास या शक्यतेला लॅटिनमध्ये भयंकर वाटेल असं नाव दिलं, ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. स्वतःचंच विष स्वतःला बाधण्याची धास्ती, असं समजा.

‘मॉलिक्युलर मिमिक्री’, म्हणजे रेणूंची नक्कल, हे नाव रेमंड डेमियन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये रूढ केलं. त्याच्या डोक्यात होती ती चोराची युक्ती: परजीवी यजमानासारखा वेष घेतो आणि लपून राहतो. त्या वेषापायी घरच्या माणसाला मार बसतो, हे पुढच्या लोकांनी दाखवलं. १९८५ मध्ये रॉबर्ट फुजिनामी आणि मायकेल ओल्डस्टोन यांनी हिपॅटायटिस बी विषाणूच्या एका प्रथिनाचा छोटासा तुकडा सशांना टोचला. त्या तुकड्यातली सहा अमिनो आम्लं सशाच्या मज्जातंतूंवरच्या आवरणाशी हुबेहूब जुळत होती. काही सशांच्या मेंदूत सूज आली. विषाणू नाही, संसर्ग नाही. निव्वळ सहा अक्षरांचं साम्य! (घाबरू नका. हिपॅटायटिस बीच्या लशीत हा तुकडा नसतो.)

३. पाच अक्षरांचा हिशेब

प्रथिनं म्हणजे वीस अक्षरांच्या लिपीत लिहिलेले लांबलचक शब्द. पाच अक्षरांचे किती वेगवेगळे तुकडे होतील? वीसचा पाच वेळा गुणाकार करा: ३२ लाख. माणसाच्या शरीरात साधारण २० हजार प्रकारची प्रथिनं. एकेकाची लांबी सरासरी पाचशे अक्षरं धरली तरी मजकूर झाला एक कोटी अक्षरांचा. म्हणजे जंतूचा पाच अक्षरांचा कुठलाही तुकडा घ्या, तो आपल्या अंगात निव्वळ योगायोगानेही सरासरी तीनदा सापडेल!

थोडक्यात, नावसाधर्म्य पावलोपावली आहे. वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात ‘देशमुख’ म्हणून हाक मारा, चार जण वळून पाहतील. नवल आजार होण्याचं नाही. इतकं साम्य असूनही बहुतेकांना काहीच होत नाही, हे खरं नवल. याचं श्रेय एका शाळेला जातं.

४. छातीतली सगळ्यात कडक शाळा

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली मोठी असते, वय वाढेल तशी आकसत जाते. टी पेशी नावाचे शिपाई इथे शिकतात. परीक्षा दोन. पहिली: शरीराची ओळखपत्रं वाचता येतात का? दुसरी: घरच्या माणसावर हात तर उगारत नाहीस ना? नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा नाही, थेट मरण. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त पेशी या शाळेतून जिवंत बाहेर पडत नाहीत. कॉपीमुक्त अभियानाचा याहून कडक नमुना शोधून सापडायचा नाही.

तरीही एखादा तापट शिपाई निसटतोच. त्याला आवरायला वेगळ्या पेशी आहेत, नियंत्रक टी पेशी. गावात भांडण पेटलं की मधे पडणारा जाणता माणूस असतो ना, तसा त्यांचा स्वभाव. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. मारणाऱ्या पेशींना वाहवा नेहमीचीच, त्या वर्षी थांबवणाऱ्यांचा सत्कार झाला.

५. घसा दुखला आणि हृदय दुखावलं

आता या नकलेचा सगळ्यात जुना आणि आपल्याकडे सगळ्यात ओळखीचा आरोपी: ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस. वय साधारण पाच ते पंधरा. पोराला ताप, गिळताना घसा दुखतो, मानेत गाठी. घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, “काऊन बा, घसाच दुखते ना? मंग कायचा डॉक्टर? हयद-दूध घे अन् झोप.” चार दिवसांत पोरगं खेळायला पळतं. सगळे विसरतात. प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली शस्त्रं, मात्र विसरत नाहीत.

या जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांचं नाव एम प्रथिन. आपल्या हृदयाच्या स्नायूत मायोसिन असतं. दोघांची घडण एकाच चालीची: अंबाडीच्या दोरीला देतात तसा पीळ. घशातल्या जंतूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं हृदयाच्या झडपेच्या आतल्या अस्तराला चिकटतात, अस्तर सुजतं, आणि त्या दारातून चवताळलेल्या टी पेशी आत शिरतात. घसा बरा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. हाच संधिज्वर, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर. सांध्यांची सूज निघून जाते, मागे काही उरत नाही. झडपेवर मात्र व्रण राहतो. म्हणून डॉक्टर मंडळी जुन्या फ्रेंच वैद्याचा दाखला देत विद्यार्थ्यांना शिकवतात की हा आजार सांध्यांना नुसता चाटतो, चावतो तो हृदयाला.

व्रणाची झडप वर्षानुवर्षं आखडत जाते. पुष्कळ बायकांना ते पहिल्यांदा कळतं ते बाळंतपणाच्या वेळी. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं, अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही आणि जिना चढतानाच धाप लागते. दहाव्या वर्षीच्या घसादुखीचं बिल पंचविसाव्या वर्षी येतं.

६. नऊ दिवसांची सवलत

या गोष्टीतली सगळ्यात दिलासा देणारी बाब: घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झालं, तरी संधिज्वर टळतो. औषध कुठलं? पेनिसिलिन, नाहीतर त्याचं भावंड अमोक्सिसिलिन. जुनं, स्वस्त, आणि या जंतूने आजवर त्याला दाद दिली नाही असं झालेलं नाही.

पण मेख आहे. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते. तिथे प्रतिजैविक म्हणजे खारपाणपट्ट्यात बोअर मारण्यासारखं, खर्च होतो आणि गोड पाणी लागत नाही. सर्दी, खोकला, वाहतं नाक असेल तर बहुधा विषाणू. सर्दी-खोकला काही नाही, फक्त ताप, घसा आणि मानेतल्या दुखऱ्या गाठी असतील तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर दहा दिवस घ्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या देवळीत ठेवू नका.

एकदा संधिज्वर होऊन गेला असेल तर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं सुईचं औषध वर्षानुवर्षं चालतं. सुई दुखते, हे खरं. पण दर वेळचा नवा घसा झडपेवर नवा ओरखडा काढतो, हेही तितकंच खरं.

७. हात ऐकत नाहीत

तोच जंतू, तीच प्रतिपिंडं, पण पोचतात मेंदूत. हालचालींना लगाम घालणाऱ्या भागावर ती बसली की मुलाचे हात-पाय आपोआप वळवळतात. हातातून कप निसटतो, अक्षर बिघडतं, तोंड वेडंवाकडं होतं. घरचे रागावतात, बाई वर्गात उभं करतात. पोराचा मात्र काही दोष नसतो. इंग्लंडचे डॉक्टर थॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव सिडनहॅम कोरिया. ‘कोरिया’ म्हणजे ग्रीक भाषेत नाच. कोरिओग्राफर हा शब्दही त्याच मुळाचा.

मुलींमध्ये हे जास्त दिसतं आणि घसा दुखून गेल्यावर काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतं. तोवर घसा कोणाच्या लक्षात असणार? अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलला लहानपणी हाच आजार झाला होता. अंथरुणाला खिळलेल्या त्या काळात त्याने चित्रं काढली, मासिकांतली चित्रं जमवली, आणि पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे.

८. पुण्याचं पाणी आणि पायातलं बळ

जानेवारी २०२५. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीच्या पट्ट्यात माणसं अचानक पायातलं बळ गेल्याच्या तक्रारीने दवाखान्यात यायला लागली. आधी चार दिवस जुलाब, मग पायांना मुंग्या, मग उभंच राहता येईना. नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं: जीबीएस, गिलाँ-बारे सिंड्रोम. राज्यात दोनशेहून जास्त रुग्ण नोंदले गेले, काही दगावले. राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या नमुन्यांपैकी काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. बोट पाण्याकडे वळलं.

इथे नकलेची वेगळीच तऱ्हा आहे. कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावरची नक्कल प्रथिनाची नसते. असते ती साखर आणि चरबीच्या एका रेणूची. आपल्या मज्जातंतूंवर असलेल्या जीएम-१ नावाच्या रेणूशी तो तंतोतंत जुळतो. जपानच्या नोबुहिरो युकी यांनी हे साम्य १९९३ मध्ये दाखवलं, आणि २००४ मध्ये तोच जिवाणूचा रेणू सशांना टोचून त्यांचे पाय लुळे पडतात हेही. निंदणाला गेलेली बाई घाईत तणाबरोबर तुरीचं रोप उपटते ना, तसा प्रकार. फरक एवढाच की तुरीचं रोप गेलं तर गेलं. मज्जातंतू बहुतेकांचे पुन्हा सावरतात, फक्त महिने लागतात.

घाबरून जाऊ नका: या जिवाणूचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांत एकाला जीबीएस होतो. पण पायातून वर सरकणारी कमजोरी श्वासापर्यंत पोचू शकते, म्हणून ‘उद्या पाहू’ म्हणायचं नाही. उपचारही गमतीदार: हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देतात. स्वतःच्या बिथरलेल्या प्रतिपिंडांना वठणीवर आणायला हजार जणांची शहाणी प्रतिपिंडं!

आणि एक अन्याय. १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांवरून हा आजार मांडणारे डॉक्टर तीन होते: गिलाँ, बारे आणि स्ट्रोल. स्ट्रोलचं नाव वाटेत गळालं. ऑटोइम्यून आजाराच्या नावातही आपलाच माणूस वगळला गेला!

९. बेचाळीस अंशांची आवड

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस. कॅम्पिलोबॅक्टरला तेच मानवतं. म्हणून कोंबडीच्या आतड्यात तो मजेत राहतो आणि कोंबडीला बहुधा काहीच होत नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस पार जातो, मग आपल्याकडे तर त्याचं राज्यच असायला हवं, नाही का? तसं नाही. हा जंतू कोरड्या हवेत टिकत नाही. मोकळ्या हवेतला प्राणवायूही त्याला सोसत नाही. ऊन त्याला मारतं, ओलावा जगवतो.

म्हणून खबरदारी साधी आहे. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि कोथिंबिरीवर उडतात. कोंबडीचा विळा आणि पाट वेगळा. खळखळ शिजलेल्या रश्श्यात हा जंतू वाचत नाही. रश्श्याला दोष नाही, दोष शेजारच्या काकडीला.

१०. पोटातली चौदा इंजेक्शनं

पन्नाशीच्या पुढच्या माणसाला विचारा, कुत्रं चावल्यावर काय व्हायचं. हात आपोआप पोटाकडे जातो. ही जुनी लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ मध्ये बनवली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, फिनॉलने मारायचा आणि तो लगदा टोचायचा. विषाणू मेलेला, पण मेंढीचा मेंदू सोबत येई. मेंढीच्या मज्जातंतूंवरचं आवरण आणि माणसाच्या मज्जातंतूंवरचं आवरण यांत खूप साम्य. काही दुर्दैवी लोकांच्या शरीराने त्या मेंदूविरुद्ध मोर्चा उघडला आणि तो स्वतःच्याच मज्जासंस्थेवर चालून गेला. अर्धांग, कधी मृत्यू. इथे नक्कल जंतूची नव्हती, सुईतल्या मेंढीची होती.

१९३३ मध्ये थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचून हाच प्रकार प्रयोगात घडवून दाखवला. भारतात ही लस २००४ च्या अखेरीपर्यंत चालली. आजची लस पेशींवर वाढवलेली असते, दंडात देतात, तिच्यात कुठल्याही प्राण्याचा मेंदू नसतो. तेव्हा कुत्रं चावलं की मिरची-चुना लावत बसू नका. जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, जवळचा दवाखाना गाठा.

११. आखाडा, आव आणि आखडलेली कंबर

अमरावतीला सांध्यांचं कौतुक जुनं. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये इथल्या पठ्ठ्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पण गडी कितीही तालमीचा असो, आव पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला तर मल्लखांबाला दोष देऊ नका. पोटातल्या काही जंतूंनंतर असा ‘प्रतिक्रियात्मक संधिवात’ होतो. सोबत डोळे लाल, लघवीला जळजळ.

एचएलए-बी२७ हे पेशींवरचं ओळखपत्र ज्यांच्याकडे असतं त्यांना हा त्रास जास्त. कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या बहुतांश रुग्णांतही हेच ओळखपत्र दिसतं. १९८७ मध्ये लक्षात आलं की क्लेबसिएला या जिवाणूच्या एका प्रथिनात सलग सहा अक्षरं बी२७ सारखीच आहेत. शास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या, मग हिशेब क्रमांक तीन आठवला. योगायोग की कारण? भांडण अजून मिटलेलं नाही. आणि लक्षात ठेवा, बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

१२. बार्शीचा पाहुणा

चिकनगुनियाचं नाव आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतलं. अर्थ, वाकून जाणं. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली, मग तो जवळपास तीन दशकं गायब झाला आणि २००६ मध्ये देशभर परतला. ताप आठवड्यात जातो, पण बोटं, मनगटं, घोटे काहींना महिनोन् महिने छळतात. विषाणूचे अवशेष सांध्यात रेंगाळतात, की विषाणूसारख्या दिसणाऱ्या आपल्याच प्रथिनांवर हल्ला होतो? दुसऱ्या शक्यतेलाही पाठबळ देणारे धागे मिळालेत, निकाल मात्र लागलेला नाही. तोवर घरातला रांजण आणि कूलर आठवड्यातून एकदा कोरडा करणं हाच इलाज. वाकवणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो.

१३. फेब्रुवारी २०२१ ची आठवण

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल आधी लागली ती आपल्याच भागात. फेब्रुवारी २०२१ मध्ये देश मोकळा फिरत असताना अमरावती आणि अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली. कोरोनाच्या काळात बालरोगतज्ज्ञांना आणखी एक नवा प्रकार दिसला: कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी एखाद्या मुलाला जोराचा ताप, लाल डोळे, पोटदुखी आणि हृदयावर ताण. नाव, एमआयएस-सी.

२०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्यातल्या काही मुलांच्या बाबतीत धागा जोडला: कोरोना विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा आणि शरीरातल्या एसएनएक्स-८ या प्रथिनाचा तुकडा, दोघांचे चेहरे सारखे. साठ वर्षांपूर्वीची कल्पना नव्या साथीत पुन्हा उभी राहिली.

१४. एक कोटी सैनिक, एक विषाणू

एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या बहुतेक माणसांच्या अंगात आयुष्यभर मुकाट राहतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या सैन्यातल्या एक कोटी तरुणांच्या साठवलेल्या नोंदी पाहून संशोधकांनी सांगितलं की हा संसर्ग झाल्यावर मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. त्याच महिन्यात दुसऱ्या चमूने विषाणूचं ईबीएनए-१ आणि मेंदूतलं ग्लायलकॅम या प्रथिनांतलं साम्य उघड केलं. तरीही संसर्ग झालेल्यांपैकी अगदी थोड्यांनाच आजार होतो. ठिणगी सगळीकडे पडते, पेटते ती वाळलेली गंजी.

१५. झोप लागली आणि संशोधन मागे घेतलं

२००९-१० च्या स्वाइन फ्लूनंतर युरोपात पँडेम्रिक्स ही लस घेतलेल्या काही मुलांना दिवसाढवळ्या झोपेचे झटके यायला लागले. २०१३ मध्ये एका चमूने जाहीर केलं: विषाणूचा तुकडा मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या रेणूसारखा दिसतो, कोडं सुटलं! पुढच्याच वर्षी त्यांना स्वतःचे निकाल पुन्हा मिळाले नाहीत आणि त्यांनी लेख मागे घेतला. शास्त्रातली ही लाजिरवाणी गोष्ट नाही, अभिमानाची आहे. चेहरा सारखा असणं हा पुरावा नव्हे, संशय. संशयावरून फाशी द्यायची नाही, हे शरीराला नाही जमलं तरी संशोधकांना जमायला हवं.

झटपट सवाल-जवाब

*बायकांना हे आजार जास्त का?* ऑटोइम्यून आजारांच्या रुग्णांत पाचांत चार स्त्रिया असतात असा ढोबळ अंदाज. संप्रेरकं आणि दोन एक्स गुणसूत्रं, दोघांवर संशय आहे. जीबीएस मात्र उलटा, पुरुषांत थोडा जास्त.

*रक्तात एएसओ वाढलं, म्हणजे हृदय गेलं?* मुळीच नाही. स्ट्रेप्टोकोकस भेटून गेला, एवढंच ते सांगतं.

*कुष्ठरोग्याची व्हीडीआरएल चाचणी गुप्तरोग दाखवते, खरं?* कधीकधी, आणि खोटंच. कुष्ठरोगात बनलेली प्रतिपिंडं त्या चाचणीला फसवतात. अमरावतीचं तपोवन शिवाजीराव पटवर्धनांनी उभं केलं ते समाजाने मारलेला एक शिक्का पुसायला. रक्ताच्या चाचणीने दुसरा खोटा शिक्का मारू नये, म्हणून डॉक्टर पक्की चाचणी करून घेतात.

*मग ‘इम्युनिटी वाढवणारा’ काढा घ्यावा का?* वरच्या पंधरा गोष्टींत कुठेही रोगप्रतिकारशक्ती कमी पडली नव्हती. ती भरपूर होती. चुकली ती ओळख. शिपायाला आणखी लांब काठी देऊन ही चूक सुधारत नाही. काढा चवीला घ्या, पण घसा आणि झडप त्याच्या भरवशावर सोडू नका.

जाता जाता

शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात झाडू घेतला तेव्हा रेणूंच्या नकलेचा शब्दही जन्मला नव्हता. पण बहुरूपी जंतूला दाराबाहेर रोखलं की पहारेकऱ्याला चुकायची पाळीच येत नाही, एवढं गणित त्यांच्या झाडूने आधीच सोडवलं होतं. आपल्या वाट्याचं काम चारच ओळींचं: पिण्याचं पाणी उकळा. सर्दीशिवाय घसा आणि ताप असेल तर नऊ दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. दिलेल्या गोळ्या पूर्ण संपवा. आणि जुलाबानंतर पाय लटपटायला लागले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.